केळीला सावली, माणसाला पत्रा

एप्रिल लागला की रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांत केळीच्या बागांची निगा बदलते. पश्चिमेकडून येणारा तापलेला वारा आत घुसू नये म्हणून बांधाला शेवरी किंवा गजराज गवत दाट उभं केलेलं असतं. ते विरळ पडलं असेल तिथं हिरवी जाळी बांधली जाते. निसवलेल्या घडांना ऊन लागू नये म्हणून त्यांच्यावर पानांचं किंवा पिशव्यांचं पांघरूण येतं. ठिबकचा वेळ वाढतो. पारा चाळिशीच्या पुढे सरकला की पानं करपतात, वाढ अडते, हे इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. सरकारलाही माहीत आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी जास्त तापमान हा भरपाईचा स्वतंत्र निकष आहे. हवामान केंद्रावर ठरलेल्या मर्यादेच्या वर पारा सलग काही दिवस राहिला की शेतकरी भरपाईला पात्र ठरतो. तापमानाची नोंद हाच पुरावा.

त्याच बागेत, त्याच दिवशी, घड कापून बांधापर्यंत वाहून नेणाऱ्या माणसासाठी यातली एकही सोय नाही. त्याला सावली मिळाली तर झाडाची, पाणी मिळालं तर घरून आणलेल्या कॅनमधलं. चक्कर येऊन बसला तर त्या दिवसाची मजुरी गेली. संध्याकाळी तो ज्या घरी परततो तिथं बहुतेक वेळा डोक्यावर पत्रा असतो.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत माणसं घरात आणि कामावर कशानं आजारी पडतात, कशानं जिवाला मुकतात, याचा मागोवा घेताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ऊन, विजेची तार, फवारणीचं औषध, रसायनाची टाकी अशी कारणं वेगवेगळी आहेत. पण जवळपास प्रत्येक ठिकाणी उपाय ठाऊक असतो आणि तो फारसा महागही नसतो. अडतं ते तो उपाय करायचा कोणी, या प्रश्नावर. मजुराला ‘काळजी घे’ म्हणून आपण मोकळे होतो. पण कामाची वेळ तो ठरवत नाही, शेडचं दार कुठे असावं हे त्याला कोणी विचारत नाही आणि शेताला वीज रात्री द्यायची की दिवसा, यातही त्याचा शब्द नसतो. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्याकडे जबाबदारी न्यायची, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.

तापीच्या खोऱ्यातलं ऊन

उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. या पट्ट्याची उंची फार नाही. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आहे. काळी कसदार जमीन पिकाला चांगली, पण उन्हाळ्यात उघडी पडली की ती ऊन शोषून घेते. जळगाव आणि भुसावळची नावं दर मे महिन्यात राज्यातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत येतात ती यामुळेच.

हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी भागात पारा ४० अंशांवर असेल आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट धरली जाते. नाहीतर थेट ४५ अंश गाठावे लागतात. जळगावात मे महिन्याचं सरासरी कमाल तापमानच ४२ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे ४४ अंशांचा दिवस इथे कागदावर लाट ठरत नाही, नेहमीचा उन्हाळा ठरतो. पुण्या-मुंबईचा माणूस ज्या उन्हाची बातमी करेल, त्या उन्हात इथला माणूस शेतात बागायती कापसाची लागवड करत असतो, रस्त्यावर खडी पसरत असतो, वीटभट्टीवर विटा रचत असतो.

शरीराला मात्र सरासरी कळत नाही. आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवायला त्याच्याकडे मुख्य साधन घामाचं. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त घाम जातो. तहान उशिरा लागते, तोवर पाणी कमी पडलेलं असतं. आधी पायात गोळे येतात, मग डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. या टप्प्यावर सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचं पाणी मिळालं तर माणूस तासाभरात सावरतो. काम चालूच राहिलं आणि आतलं तापमान ४० अंशांवर गेलं तर तो उष्माघात. माणूस असंबद्ध बोलू लागतो, तोल जातो, झटके येतात, शुद्ध हरपते. अशा वेळी ‘दारू प्यालाय’ समजून त्याला बाजूला निजवून ठेवणं हा सर्वांत घातक गैरसमज आहे.

या अवस्थेत दवाखान्याच्या आधी गारवा महत्त्वाचा. सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी ओतत वारा घालायचा, मान, काखा आणि जांघेत ओले गार कपडे किंवा बर्फ ठेवायचा आणि त्याच वेळी १०८ ला फोन करायचा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनळीत जातं. पहिल्या अर्ध्या तासात अंग किती लवकर गार झालं यावर पुढचं बरंच काही ठरतं. शेतमालक, मुकादम, ट्रॅक्टरचालक या तिघांना एवढं माहीत असलं तरी अनेक जीव वाचतील.

पाऱ्याचा आकडाच सर्व काही सांगतो असंही नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर १४ जणांचा उष्माघातानं मृत्यू झाला. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता, पण हवा दमट होती आणि माणसं तासन्‌तास उघड्यावर बसून होती. खानदेशात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात असंच होतं. पारा थोडा उतरतो, हवेत ओल येते, घाम वाळत नाही आणि पेरणीची घाई मात्र टोकाला असते.

मे २०२४ च्या शेवटी तापमान ४५ अंशांच्या घरात गेलं, तेव्हा जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ वापरून जूनच्या सुरुवातीपर्यंत आदेश लागू केला. कामगारांना पुरेशी सावली, पंखे, कूलर देण्याची जबाबदारी मालकांवर टाकली. भर दुपारी चालणाऱ्या खासगी शिकवण्यांनाही वेळेचं बंधन घातलं. जमावबंदीसाठी वापरलं जाणारं कलम उन्हासाठी वापरल्याची देशभर चर्चा झाली. मला त्या आदेशातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की उन्हापासून वाचवण्याचं काम मालकाचं आहे हे कागदावर स्पष्ट आलं. पण तो आदेश काही दिवसांचा होता, पारा चढल्यावर निघालेला. शेतमजुराच्या बाबतीत तो पाळला की नाही हे बघायला बांधावर कोण जाणार, हा प्रश्न तेव्हाही होता.

केरळमध्ये हे दरवर्षीचं काम आहे. उन्हाळा लागला की तिथले कामगार आयुक्त उघड्यावरच्या कामाच्या वेळा बदलतात आणि दुपारी १२ ते ३ सक्तीची विश्रांती देतात. तिथलं तापमान जळगावपेक्षा बरंच कमी असतं. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करवून घेण्याला बंदी आहे. उष्ण प्रदेशात राहणाऱ्यांनी स्वतःसाठी केलेले हे नियम आहेत. आपल्याकडे मात्र दुपारची सुटी अजून मालकाच्या मर्जीवर आहे.

पत्र्याचं घर

धुळ्याहून पारोळा, एरंडोल, पाळधी करत जळगावला येताना गावांची छपरं बघावीत. पूर्वी इथं धाब्याची घरं होती. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सऱ्या, त्यावर काड्या-तुराट्या आणि खाऱ्या मातीचा जाड थर. ऊन आत झिरपायला संध्याकाळ व्हायची आणि तोवर बाहेर गार झालेलं असायचं. रात्री माणसं धाब्यावर झोपायची. त्या घरांची आठवण काढताना त्यांचे त्रासही विसरू नयेत. दर पावसाळ्याआधी माती टाकावी लागे, धाबं गळे, भिंतींत साप-विंचू राहत, लाकूड महागलं. म्हणून लोकांनी पत्रा घातला. ती त्यांची चूक नव्हती, ऐपतीतला तोच पर्याय होता.

पण पत्रा उन्हात लगेच तापतो आणि आलेली धग खाली फेकतो. दुपारी बारा ते पाच या वेळात पत्र्याच्या खोलीत बसणं अंगावर निखारा घेण्यासारखं असतं. या खोलीत कोण असतं? बाळंतीण, तान्हं मूल, म्हातारी माणसं, आजारी माणूस आणि चुलीपुढची बाई. उष्माघात म्हटलं की आपल्याला रस्त्यावरचा माणूस दिसतो. वयस्क माणसं आणि तान्ही मुलं मात्र घरातच, दार बंद असलेल्या तापल्या खोलीत उन्हाला बळी पडतात. त्यांची नोंद बहुतेक वेळा ताप किंवा हृदयविकार अशीच होते.

यावरचा उपाय साधा आहे. छपरावर पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग दिला, तर खोलीतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकतं. अहमदाबादनं २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. त्याआधी मे २०१० च्या लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले होते. पुढच्या वर्षांत तिथं झोपडपट्ट्यांची छपरं पांढरी करण्याची मोहीम निघाली. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छपरांचं स्वतंत्र धोरणच आणलं. आपल्याकडे चुना गावोगावी मिळतो, भिंती रंगवायची सवय आहे. दिवाळीला भिंतीला लागणारा तो हात मार्चमध्ये छपराला लागला पाहिजे. पत्र्याखाली तट्ट्याचा किंवा बारदानाचा दुसरा थर, मध्ये हवेला मोकळी जागा, पश्चिमेच्या भिंतीला वेल किंवा तुराट्यांचा आडोसा, हेही स्वस्तात होतं.

घरातल्या दुसऱ्या धोक्याचं नाव कूलर. खानदेशात आता गरिबाच्या घरीही कूलर असतो. बहुतेकांचं अंग लोखंडी पत्र्याचं, आत पाण्याची मोटर, खाली ओली फरशी. अर्थिंग नाही, वायरला ठिकठिकाणी चिकटपट्टी. चालू कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून माणूस दगावल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतातच. कपडे वाळत घालायची तार, लोखंडी खाट, ओला हात यांनीही असेच जीव जातात. नियम दोनच. बटण बंद करून पिन काढल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही. आणि घरच्या मीटरपाशी तीस मिलिअँपिअरचं गळती-संरक्षक यंत्र, ज्याला वायरमन आरसीसीबी म्हणतात, बसवून घ्यायचं. वीज अंगातून जायला लागली की ते निमिषात पुरवठा तोडतं. भाड्यानं खोल्या देणाऱ्या मालकांना हे सक्तीचं करायला हवं. भाडेकरूच्या खोलीतलं वायरिंग हे भाडेकरूचं काम नाही.

तिसरा धोका रात्रीचा आहे. पत्रा तापतो म्हणून माणसं अंगणात, ओट्यावर, शेतातल्या खळ्यावर जमिनीवरच अंथरूण टाकतात. मण्यार रात्रीच फिरते आणि झोपलेल्याला चावते. तिचा दंश दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि मग श्वास थांबायला लागतो. पोटदुखीवर घरगुती उपाय करण्यात ते मोलाचे तास जातात. खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणीची कड गादीखाली खोचणं, एवढ्यानं हा धोका फार कमी होतो. दंश झालाच तर घट्ट बांधायचं नाही, चिरायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. अवयव हलू न देता सर्पदंशाची लस जिथं आहे त्या सरकारी दवाखान्यात थेट जायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषारी सापांवर एकच लस चालते, साप ओळखण्यात किंवा मारण्यात वेळ घालवायची गरज नसते. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये आणलेल्या सर्पदंश कृती आराखड्यात २०३० पर्यंत असे मृत्यू निम्म्यावर आणण्याचं ध्येय आहे. त्यासाठी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस आहे का आणि ती रात्री देणारा डॉक्टर आहे का, हे सरपंचानं जूनच्या आधी विचारलं पाहिजे.

शेतातली वीज, शेतातलं औषध

शेतीपंपाची वीज आळीपाळीनं दिवसा आणि रात्री येते. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकरी आणि सालदार बॅटरी घेऊन विहिरीवर जातात. स्टार्टरची पेटी उघडी, पाय ओल्या मातीत, बाजूला गवत. साप, बिबट्या आणि शॉक असे तिन्ही धोके एका फेरीत भेटतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश शेतीला दिवसा वीज देणं हाच आहे. तिच्याकडे बिल वाचवणारी योजना म्हणून बघितलं जातं. मला ती जीव वाचवणारी योजना वाटते. तिची अंमलबजावणी आपल्या फीडरवर कधी होणार, हे ग्रामसभेनं महावितरणला विचारत राहिलं पाहिजे.

विजेचा दुसरा प्रकार तर माणसानंच पेरलेला आहे. रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून काही शेतांभोवती उघडी तार लावून तीत घरगुती वीज सोडली जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये एरंडोल तालुक्यातल्या वरखेडी शिवारात अशा तारेला चिकटून एकाच आदिवासी कुटुंबातली पाच माणसं गेली. लहान मुलगी तेवढी वाचली. पीक वाचवण्याची गरज खरी आहे आणि रानडुकरांचा त्रासही. त्यासाठी सौर झटका यंत्र मिळतं. ते क्षणभर झटका देतं, जीव घेत नाही. थेट वीज सोडलेली तार हा गुन्हा आहे आणि गावात ती कोणाच्या शेतात आहे हे गावाला माहीत असतं. माहीत असून गप्प राहणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे.

कापसाच्या फवारणीबद्दल २०१७ च्या यवतमाळनं सगळ्या राज्याला धडा दिला. त्या हंगामात तिथं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. कापूस डोक्याइतका वाढला होता, हवा दमट होती, बोंडअळीच्या धास्तीनं दोन-तीन औषधं एकत्र मिसळली जात होती आणि दाबाच्या पंपांमधून बारीक फवारा थेट तोंडावर येत होता. जळगाव हा राज्यातल्या मोठ्या कापूस जिल्ह्यांपैकी एक आणि धुळ्यातही कापसाखालचं क्षेत्र मोठं. ती परिस्थिती इथं पुन्हा तयार व्हायला वेळ लागत नाही.

डब्यावरचा त्रिकोण बघायला प्रत्येक मजुराला शिकवलं पाहिजे. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. फवारा वाऱ्याच्या दिशेनं मारायचा, सकाळी मारायचा, नोझल तोंडानं फुंकायचं नाही, औषधाच्या हातानं बिडी-तंबाखू घ्यायची नाही. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, नाहीतर विष घरातल्या बाईच्या हाताला लागतं. रिकाम्या डब्यात तेल-पाणी भरायचं नाही. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, लाळ, घाम, उलटी, अंगाला कंप सुटणं ही लक्षणं दिसली तर डबा सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. कोणतं औषध होतं हे डॉक्टरला कळलं तर योग्य उतारा लवकर मिळतो. आणि हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे मजुरानं आणायचे नाहीत, ज्याचं शेत आहे त्यानं द्यायचे. दुकानदारानं औषधाच्या बाटलीबरोबर हे साहित्य पुढे केलं तर सवय लागेल.

शेडमधलं काम

३१ ऑगस्ट २०१९ ची सकाळ शिरपूर तालुका विसरलेला नाही. वाघाडी गावाजवळच्या रुमित केमसिंथ या रसायन कारखान्यात स्फोट झाला. आत शंभराच्या आसपास माणसं होती. किमान बारा जणांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. धुरामुळे आसपासच्या वस्त्यांनाही हलवावं लागलं. १८ एप्रिल २०२३ ला साक्री तालुक्यात निजामपूर-जैताणे परिसरातल्या एका शेडमध्ये आग लागली. तिथं वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीच्या मेणबत्त्या तयार होत. चार बायका त्यात गेल्या. त्याच वर्षी ८ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात अगदी तशाच मेणबत्त्यांच्या शेडमध्ये आग लागली आणि सहा जणांचा जागीच मृत्यू झाला. पुढे उपचार सुरू असताना हा आकडा आणखी वाढला. एप्रिल २०२४ मध्ये जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कंपनीतल्या आगीत वीसहून अधिक कामगार होरपळले.

साक्री आणि तळवडे या दोन घटना एकत्र ठेवून बघाव्यात. माल तोच, म्हणजे स्फोटक भुकटी. काम करणाऱ्या तशाच, जवळपासच्या वस्तीतल्या, रोजंदारीच्या बायका. मधले आठ महिने राज्यात अशा किती शेड आहेत याची मोजदाद करून त्या तपासण्याला पुरेसे होते. साक्रीच्या चार बायकांच्या मरणानं तेवढंही घडलं असतं, तर तळवड्याची आग कदाचित टळली असती.

असं का होतं याचं एक कारण कायद्याच्या आकड्यात आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी १० कामगार आणि विजेविना २० कामगार असले की कारखाना धरला जाई. महाराष्ट्रानं २०१५ च्या दुरुस्तीनं हे आकडे २० आणि ४० केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही तेच आकडे आहेत. पंधरा जण काम करतात ती शेड अशा वेळी सहज नजरेआड राहते. आग मात्र माणसं मोजून लागत नाही.

जुन्या कायद्याचं १३ वं कलम सांगत होतं की कारखान्याच्या भिंती आणि छप्पर अशा रचनेचं असावं, की आतलं तापमान शक्य तितकं कमी राहील. १८ व्या कलमात पिण्याच्या पाण्याची सक्ती होती, पण उन्हाळ्यात पाणी थंड करून द्यायची सक्ती अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथंच. जळगावातल्या डाळ मिल, चटईचे कारखाने, पाइपची युनिटं, दोंडाईचाच्या मिरची वाळवणाऱ्या पथाऱ्या अशा कामांत इतकी माणसं एका ठिकाणी क्वचितच असतात. म्हणजे मे महिन्यात यंत्राच्या धगीशेजारी काम करणाऱ्या बहुतेकांना थंड पाणी हा हक्क म्हणून मिळत नव्हता. मिळालं तर मालकाच्या भलेपणानं.

बायकांचा त्रास आणखी वेगळा आहे. कामाच्या जागी स्वच्छतागृह नसेल किंवा त्याला कडी नसेल तर त्या दिवसभर पाणीच कमी पितात. उन्हाळ्यात याचे परिणाम थेट मूत्रमार्गावर आणि किडनीवर होतात. उष्णता आणि किडनी यांचं नातं निकाराग्वा आणि एल साल्वाडोरच्या ऊसतोडणी कामगारांत जगानं बघितलं. तरुण मजुरांच्या किडन्या निकामी होत होत्या. तिथं उपाय म्हणून ठराविक अंतरानं पाणी, विश्रांती आणि सावली यांचं वेळापत्रक लावलं गेलं. आपल्याकडे बाईसाठी त्यात चौथी गोष्ट जोडायला हवी, ती म्हणजे बंद होणारं दार असलेलं स्वच्छतागृह.

कामगाराच्या हातात काहीच नाही असंही नाही. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण आलं. आपण हाताळतो ते रसायन काय आहे, त्याचे धोके काय, हे जाणून घेण्याचा कामगाराला अधिकार मिळाला. समोर धोका दिसत असेल तर तो वरिष्ठांच्या आणि निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचाही. नव्या संहितेतही हा अधिकार आहे. पण कंत्राटी मजूर, परराज्यातून आलेला मुलगा, बारा तासांच्या पाळीवरची बाई हे अधिकार वापरतील कसे? तक्रार केली तर उद्या गेटवरून परत पाठवलं जातं. म्हणून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला नाव गुप्त ठेवून तक्रार घेणारी व्यवस्था करून तिची माहिती प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या गेटवर, मराठीत आणि हिंदीत लिहून लावावी लागेल. आणि शेजारच्या गावानंही डोळे उघडे ठेवावे लागतील. गावालगत एखादी शेड उभी राहिली, बाहेर ड्रम रचले गेले, रात्री वास यायला लागला, तर आत काय बनतं हे ग्रामपंचायतीनं लेखी विचारावं. उत्तर आलं नाही तर तहसीलदाराला कळवावं.

आखाजीच्या आधी

खानदेशात सालदाराचं साल आखाजीला ठरतं. वर्षाचे पैसे, धान्य, कपडे यांची बोलणी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास होतात, म्हणजे नेमक्या सर्वांत कडक उन्हात. याच बोलणीत आता तीन गोष्टी याव्यात. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत दुपारी १२ ते ४ काम नाही आणि त्याबद्दल मोबदला कापायचा नाही. शेतातल्या खोपटाचं छप्पर मालकानं पांढरं करून द्यायचं. आणि फवारणीचं साहित्य मालकाचं. नव्यानं आलेल्या मजुराला पहिला आठवडा हळूहळू कामाला लावायचं. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की कामावर उन्हानं होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे पहिल्याच दिवशी होतात, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. सातपुड्यातून किंवा बडवाणी-खरगोनकडून पोरं येतात, तेव्हा पहिल्या दिवशी पूर्ण काम मागणं बंद व्हावं.

रोजंदारीच्या मजुरासाठी विम्याचा मार्गही आता कोणी तरी चाचपून बघितला आहे. ‘सेवा’ या बायकांच्या संघटनेनं राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ५० हजार कष्टकरी बायकांसाठी उष्णतेचा विमा काढला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांना प्रत्येकी ४०० रुपये थेट खात्यात मिळाले. पारा ठरलेल्या अंकावर गेला की पैसे, हीच त्याची पद्धत. आपल्या केळीला जे तत्त्व लागू आहे, तेच तिथं माणसाला लागू झालं. चारशे रुपये फार नाहीत, पण एक-दोन दुपारी घरी बसायला पुरतात. जळगाव जिल्ह्याकडे हवामान केंद्रं आहेत, नोंदी आहेत, विम्याचा अनुभव आहे. राज्य सरकारनं मनावर घेतलं तर हा प्रयोग आधी इथं व्हायला हवा.

रोजगार हमीच्या कामावर सावली, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार पेटी आणि लहान मुलांना सांभाळायची सोय असावी, असं त्या कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं होतं. तेवढंच खासगी शेत, वीटभट्टी आणि बांधकाम यांना लागू करा, इतकीच ही मागणी आहे. यात नवं काही शोधायचं नाही.

हा अंक तुमच्या हातात आहे तेव्हा हवा गार आहे आणि मे महिना लांब वाटतो. पण हीच वेळ आहे. २६ जानेवारीची ग्रामसभा प्रत्येक गावात होते. त्या सभेत चार ठराव मांडा. उन्हाळ्यात दुपारची सुटी, पत्र्याच्या घरांना आणि शाळा-अंगणवाडीच्या छपरांना मार्चपर्यंत चुना, शेतातल्या थेट विजेच्या तारांवर बंदी, आणि गावातल्या प्रत्येक शेडची व तिथं हाताळल्या जाणाऱ्या मालाची लेखी यादी. ठराव कार्यवृत्तात लिहून घ्या, त्याची प्रत मागून घ्या. ज्यांच्याकडे शेत आहे, शेड आहे, भाड्याच्या खोल्या आहेत, ते या अंकाचे वाचकही आहेत. त्यांनी सरकारची वाट बघू नये. आपल्याकडे काम करणाऱ्या माणसाच्या जिवाची जबाबदारी आपली आहे, आणि ती आत्तापासूनच घ्यावी.